कापड परत येतं का?

वनपीस शिवून घ्यायला येणाऱ्या मुली हल्ली कापड सोबत घेऊनच येतात. मोबाइलमध्ये फोटो असतो, पिशवीत अडीच-तीन मीटर कापड असतं आणि त्या दोघांचा एकमेकांशी काडीचा संबंध नसतो. फोटोतल्या मुलीच्या अंगावरून कापड सैल, लोळत खाली आलेलं असतं. पिशवीतून निघतं ते जाड स्कूबा, टेबलावर ठेवलं तर दुमडलेल्या जागी उभं राहणारं. वर "ताई, लायक्राच आहे हो," हेही ऐकायला मिळतं. ते खोटं नसतं. पण लायक्रा हा शंभरात पाच-सात भाग मिसळलेला एक धागा. बाकीचे भाग कशाचे आहेत आणि ते विणलेत कसे, हे विचारायचं राहून गेलेलं असतं.

डोंबिवलीत शिवणकाम करायला लागले तेव्हा माझ्याकडे ब्लाउज आणि पंजाबी ड्रेस यापलीकडे काही येत नव्हतं. क्लासमध्ये शिकवलं होतं तेही सगळं ताण्याबाण्याच्या कापडावर. पॉपलिन, केंब्रिक, ब्लाउजला टू बाय टू. हे कापड जागचं हलत नाही, म्हणून अंगाचा उंचसखलपणा आपण टक्स घालून, कळ्या जोडून, उरेब कापून सांभाळायचा. होजिअरीच्या कापडात हे काम कापड स्वतः करतं. छातीशी रुंद होतं, कमरेशी आत येतं, पुन्हा सीटवर पसरतं. त्यामुळे कापडच चुकीचं निवडलं असेल, तर मागाहून टक्स घालून काही साधत नाही. होजिअरीच्या वनपीसचं निम्मं कटिंग दुकानातच होतं, असं मी माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलींना सांगते.

मापांवरून हे नीट कळेल. छाती ३६ असेल तर साध्या कापडाचा ड्रेस मी ४०वर कापते, कारण श्वास घ्यायला, हात हलवायला जागा लागते. रोमाचा वनपीस ३६ किंवा ३७वर बसतो. रिबचा अंगासरशी हवा असेल तर ३३-३४वर कापावा लागतो, म्हणजे अंगापेक्षा लहान. एकच पेपर कटिंग या तीन कापडांवर ठेवलं, तर तीन वेगवेगळ्या मापांच्या बायकांचे कपडे तयार होतील.

ज्यांच्या घरात आई किंवा आजी सुयांवर स्वेटर विणायची, त्यांना या कापडाची घडण चटकन समजते. ताण्याबाण्याच्या कापडात उभे-आडवे धागे एकमेकांना अडवून बसलेले असतात. होजिअरीत धाग्याचे फास एकमेकांत अडकवत नेलेले असतात. ताण आला की फास आडवा पसरतो, ताण गेला की मूळ आकारात यायला बघतो. पुढून सगळे सुलट टाके आणि मागून सगळे उलट, हे सिंगल जर्सी. घाऊक बाजारात त्याला सिंकर म्हणतात, रोजच्या टी-शर्टचं कापड ते हेच. जवळून पाहिलंत तर एका बाजूला इंग्रजी व्हीच्या आकाराच्या बारीक उभ्या रांगा दिसतील, दुसऱ्या बाजूला आडव्या वळ्या. एक सुलट एक उलट घातलं की रिब, स्वेटरच्या मनगटाची पट्टी असते तसं. दोन रिब एकमेकांत गुंतवून विणले की इंटरलॉक, दोन्हीकडून सारखंच दिसणारं. (कडा गुंफायच्या मशीनलाही आपल्याकडे इंटरलॉकच म्हणतात. त्याचा इथे संबंध नाही.) आणि रोमा म्हणजे असंच दुहेरी विणीचं, पण जास्त घट्ट, कमी ताणलं जाणारं, अंगावर आकार धरून राहणारं. हातातल्या सुयांचं हे काम यंत्रावर नेलं ते इंग्लंडमधल्या विल्यम ली नावाच्या धर्मोपदेशकाने, १५८९ साली, मोजे विणण्यासाठी. आज तिरुपूरच्या गोल यंत्रांवर कापड भराभर उतरतं, पण टाका तोच आहे.

वीण ओळखता आली की कापड कात्रीखाली कसं वागेल तेही कळतं. सिंकर कापलं की त्याच्या कडा गुंडाळायला लागतात. वरची-खालची कड पुढच्या बाजूला वळते, दोन्ही बाजूंच्या कडा मागे वळतात. दुमड घालताना एक हात कड सरळ करण्यातच गुंततो. इंटरलॉकच्या कडा सपाट पडून राहतात. म्हणून पहिल्यांदा होजिअरी शिवणारीने इंटरलॉक घ्यावं, रोमा घ्यावा. सिंकर स्वस्त मिळतं म्हणून पहिल्याच कपड्याला घेतलं, तर मनस्तापच जास्त.

आता दुकानात मी काय करते ते सांगते. ताग्याची कापलेली कड सोडून थोडं आत, पन्ह्याच्या दिशेने कापडाची घडी घालते. दोन्ही अंगठ्यांमध्ये बरोबर चार इंच धरते आणि काउंटरवरच्या मोजपट्टीशेजारी ओढते, जिवाच्या आकांताने नव्हे, कापड आपणहून 'पुरे' म्हणेल इतपत. चाराचे पाच इंच झाले तर ताण २५ टक्के, सहा झाले तर ५०. बहुतेक जण इथेच थांबतात आणि "छान ताणतंय" म्हणून कापड फाडायला सांगतात. खरी परीक्षा इथून पुढे असते. ओढलेलं कापड मी तसंच धरून ठेवते, तेवढ्यात भाव विचारते, आणखी रंग आहेत का ते विचारते, आणि मग सोडते. सोडल्यावर ते पुन्हा चार इंचांवर आलं तर ठीक. सव्वाचारवर रेंगाळलं तर वनपीससाठी ते कापड मी घेत नाही. पाव इंचाने काय होतं, असं वाटेल. पण चार इंचांत पाव इंच म्हणजे चाळीस इंचांच्या सीटला अडीच इंच. दिवसभर ऑफिसात बसून संध्याकाळी उठल्यावर मागे जी पिशवी लोंबते ना, ती हीच.

कापड किती ताणतं हे सगळेच बघतात. ते परत किती येतं हे बघणारे थोडे. ताणून परत येण्याचं हे काम मुख्यतः लायक्राचं, म्हणजे इलॅस्टेन धाग्याचं. तो १९५८ साली अमेरिकेत ड्यूपाँ कंपनीतल्या जोसेफ शिव्हर्स यांनी तयार केला. नुसत्या सुती विणीचं कापडही ताणतं, पण कोपराशी, गुडघ्याशी एकदा बसलेला फुगवटा धुतल्याशिवाय जात नाही. ९५ टक्के सूत आणि ५ टक्के इलॅस्टेन हे प्रमाण वनपीसला मला सगळ्यात विश्वासाचं वाटत आलंय. इलॅस्टेनला उष्णता आणि ब्लीच मात्र चालत नाही. कडक इस्त्री आणि कढत पाणी पुन्हापुन्हा मिळालं की धागा आतल्या आत मरतो आणि कापड ढिलं पडतं. मग दोष शिवणारीच्या माथी.

उल्हासनगरच्या बाजारात होजिअरी किलोवरही मिळतं, आणि तिथे दुकानदाराचं पालुपद ठरलेलं. "मॅडम, फोर वे है, फोर वे!" फोर वे म्हणजे आडवं ताणतं तसं उभंही ताणतं. पोहण्याच्या कपड्यांना, नाचाच्या कपड्यांना, लेगिंगला ते हवंच. वनपीसला अंगाभोवती ताण पुरतो. लांब वनपीसमध्ये उभा ताण तर उपद्रवच करतो, घेर सकाळी घोट्याशी आणि रात्री जमिनीला. तेव्हा फोर वेसाठी मीटरमागे जास्त पैसे मोजू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

किलोवर घेताना हिशेब यायला हवा. कापडाचं वजन जीएसएममध्ये सांगतात, म्हणजे एक मीटर लांब आणि एक मीटर रुंद तुकड्याचे ग्रॅम. १८० जीएसएमचं, ७२ इंच पन्ह्याचं सिंकर घेतलं तर एक मीटर साधारण ३३० ग्रॅम भरतं, म्हणजे किलोत तीन मीटर. त्याच पन्ह्याचं २२० जीएसएमचं इंटरलॉक किलोत अडीच मीटरच येतं. भाव ऐकून स्वस्त वाटलेलं कापड मीटरवर काढलं की कधीकधी महाग निघतं. आणखी एक, काही माल नळीसारखा गोल विणलेलाच येतो. घडी घातलेला तो पन्हा ३६ इंच दिसला तरी उघडल्यावर दुप्पट भरतो. तो पन्हा बघूनच कटिंगचा विचार करायचा.

वजनाचा दुसरा हिशेब अंगावरचा. पायघोळ गाऊनला दीड मीटर पन्ह्याचं तीन मीटर कापड लागलं आणि ते २४० जीएसएमचं असेल, तर गाऊन किलोभराच्या वर जातो. हे सगळं ओझं दोन खांद्यांच्या शिलाईवर लटकणार. ती शिलाई ताणली गेली की बाही खाली सरकते, गळा रुंदावतो आणि "ताई, गळा मोठा झालाय" म्हणत गाऊन परत येतो. खांद्याच्या शिलाईत न ताणणारी बारीक टेप घातली की हे थांबतं. पण मुळात लांब कपड्याला हलकं कापड निवडणं अधिक शहाणपणाचं. व्हिस्कोसचं होजिअरी इथे सगळ्यांना भुरळ पाडतं, कारण पडायला ते फार सुंदर. मलाही आवडतं. पण ते स्वतःच्याच वजनाने लांबतं. म्हणून व्हिस्कोसचा वनपीस शिवून झाला की खालची दुमड न घालता तो रात्रभर हँगरला टांगून ठेवते आणि दुसऱ्या दिवशी घेर जमिनीपासून मोजून कापते. घाई असलेल्या गिऱ्हाइकाला मी व्हिस्कोस शिवून देत नाही.

मोठ्या वयाच्या बायकांचा आक्षेप वेगळाच असतो. "अगं, हे तर बनियनचं कापड!" त्यात तथ्य आहेच. पहिल्या महायुद्धाच्या सुमाराला फ्रान्समध्ये कोको शनेल यांनी बायकांच्या कपड्यांसाठी जर्सी घेतलं, तेव्हा ते पुरुषांच्या आतल्या कपड्यांचंच कापड म्हणून ओळखलं जायचं. कॉर्सेटमध्ये आवळलेल्या बायकांना त्यात वाकता येऊ लागलं, चालता येऊ लागलं. पुढे १९७४ साली अमेरिकेत डायान फॉन फर्स्टनबर्ग यांनी एकावर एक पदर आणून कमरेला बांधायचा जर्सीचा रॅप ड्रेस आणला आणि नोकरी करणाऱ्या बायकांनी तो उचलून धरला. चेन नाही, हुक नाही, पाठीमागे हात न्यायला नको.

त्या रॅप ड्रेसची आठवण मला आमच्याच सोसायटीतल्या एका काकूंमुळे झाली. उजवा खांदा आखडलेला, हात खांद्याच्या वर जाईना. घरात पुढे चेन असलेला गाऊन घालायच्या. नातवाच्या मुंजीनंतरच्या स्वागत समारंभाला मात्र त्यांना "जरा बरं काहीतरी" हवं होतं, आणि साडी नेसवून घ्यायला दुसऱ्याला बोलवायचं नव्हतं. सुनेने ऑनलाइन रिबचा ड्रेस मागवला होता. भरपूर ताणतो, सहज जाईल, हा तिचा विचार. तो डोक्यातून घालायचा, म्हणजे हात वर करणं आलंच. शिवाय रिब पोटाची प्रत्येक वळी दाखवतं. काकूंनी आरशात एकदा पाहिलं आणि काही न बोलता काढून ठेवला.

त्यांना कोटासारखा घालता येईल असा कपडा हवा होता. आखडलेला हात बाहीत आधी घालायचा आणि चांगला हात नंतर, काढताना उलट, असं त्यांच्या फिजिओथेरपिस्टने सांगितलेलं होतं. साध्या कापडाच्या कोटात दुसरा हात घालताना पाठ आवळते आणि नेमका दुखरा खांदा मागे ओढला जातो. होजिअरीत पाठ रुंदावून तेवढी सवलत देते. तेव्हा आकार रॅपचा, हे ठरलं. कापडाचा प्रश्न राहिला. सिंकर बाद, कारण रॅपची पुढची तिरकी कड लांबलचक असते, ती सगळी गुंडाळत राहिली असती. रोमा आकाराला चांगला, पण मेमधल्या कार्यालयात काकूंना उकडलं असतं. रिब तर पाहूनच झालं होतं. सुती इंटरलॉक, ५ टक्के इलॅस्टेनचं, २०० जीएसएमच्या आसपासचं, गर्द जांभळं, असं काकूंनी आणि मी मिळून निवडलं. ते पोटावरून नुसतं खाली येतं, चिकटत नाही. ताण ३० टक्क्यांच्या आतबाहेर, आणि सोडलं की मुकाट जागेवर.

कापताना लक्ष त्या तिरक्या कडेवर होतं. तिरकं कापलेलं होजिअरी वाढायला टपलेलंच असतं. ती कड वाढली की पुढे वाकताना गळा उघडा पडतो. म्हणून प्रत्येक बाजूच्या कडेत बारीक पारदर्शक इलॅस्टिक घातलं, तेही कडेच्या लांबीपेक्षा अर्धा इंच कमी कापून, हलकं ताणत. बाही मग्यार ठेवली, म्हणजे अंगातूनच निघालेली, मुंढ्याला शिलाई नाही. दुखऱ्या खांद्याला शिलाईची रेघही लागू नये म्हणून. बांधायची पट्टी डाव्या बाजूला आणली, कारण डावा हात नीट चालत होता. काकूंनी तो ड्रेस माझ्यासमोर स्वतः घातला, कुणाची मदत न घेता. नंतर त्यांनी त्याच मापाचा दुसरा शिवायला टाकला, राखाडी, बँकेत जायला.

घामाबद्दल बोलायलाच हवं. कल्याण-डोंबिवलीच्या बायका लोकलने जातात. पॉलिएस्टरचं होजिअरी सुरकुतत नाही, रंग सोडत नाही, छपाई त्यावर झकास उठते, दिसायला देखणं. पण एप्रिलच्या गर्दीत ते अंगाला चिकटतं, आणि घामाचा वास धरला की धुऊनही पटकन जात नाही. एसी ऑफिस आणि कॅबने ये-जा असेल तर खुशाल घ्या. एरवी सूत किंवा व्हिस्कोस जास्त असलेलं. पॉलिएस्टर मिसळलेल्या मऊ कापडावर, काखेत आणि पर्स घासते त्या बाजूला, गोळेही लवकर येतात. दुकानात तळव्याने कापड जोरात दहा-बारा वेळा घासून बघावं. तंतू तिथल्या तिथे उभे राहिले तर पुढचं चित्र समजून जावं.

कापडाला पाणी दाखवल्याशिवाय मी कात्री लावत नाही. सुती होजिअरी लांबीत मीटरमागे पाच-सहा सेंटिमीटर आत येणं नवलाचं नाही. आखूड होण्यापेक्षा वाईट खोड म्हणजे पीळ. सिंकर ज्या सुताचं विणतात, त्या सुताला कताईचा पीळ असतो. धुतल्यावर तो उलगडू बघतो आणि टाक्यांच्या उभ्या रांगा तिरक्या होतात. बाजूची शिलाई पोटाशी आलेले टी-शर्ट आपण सगळ्यांनी घातलेत, ते यामुळेच. म्हणून सिंकर घेताना मी घडीची रेघ आणि टाक्यांची रांग जुळते का ते पाहते. वीतभर अंतरातच रांग घडीपासून लांब गेली, तर ते कापड कितीही गोड रंगाचं असो, पुढे धोका देणार. रिब, इंटरलॉक, रोमा यांत ही खोड फारशी नसते, कारण दोन्ही बाजूंचे टाके एकमेकांना सावरतात.

मशीनविषयी थोडक्यात. सुई बॉल पॉइंट हवी, नाहीतर टोक धाग्यात घुसून फास तोडतं आणि दोन धुण्यांत भोकं दिसायला लागतात. सरळ टीप ताणाला तुटते. बारीक झिगझॅग किंवा ओव्हरलॉक वापरावं. खालची दुमड फ्लॅटलॉकवर करून घेतली तर रेडीमेडसारखी दिसते. ती मशीन माझ्याकडे नाही, टी-शर्ट शिवणाऱ्या एका कारखान्यातून मी ते काम करून आणते. हे सगळं शिकता येतं, पैसे टाकून विकतही घेता येतं. कापडाची निवड मात्र हाताला सवय झाल्याशिवाय जमत नाही.

तेव्हा वनपीस शिवून घेणार असाल तर एवढंच करा. कापड फाडून घेण्याआधी दुकानदाराकडे वीतभर नमुना मागा. घरी तो धुवा, वाळवा, पट्टीवर ओढून सोडून बघा, आणि फोटोसकट शिवणारीला दाखवा. ती 'हे नको' म्हणाली तर तिचं ऐका. अशा तुकड्याचे कुणी सहसा पैसे घेत नाही.